विषयावर बेतलेले शब्दकोडे: सोडवायचे कसे, समजावून सांगायचे कसे

पेपरातले रोजचे साधे शब्दकोडे आणि विषयावर बेतलेले शब्दकोडे यांत दिसायला फरक एका ओळीचा असतो. चौकटीच्या डोक्यावर लिहिलेले असते, 'आजचा विषय: पाणी'. या ओळीची जेवढी मदत होते, तेवढीच ती फसवतेही. विषय कळला की माणूस सूचना नीट वाचायचे सोडतो. चार घरे दिसली की एखादी नदी, दोन घरे दिसली की ओढा, असे भरत सुटतो आणि अर्ध्या तासाने कोपऱ्यात अडकतो. म्हणून पहिल्यापासून एक धरून चालायचे: विषयामुळे उमेदवार मिळतात. त्यातला निवडून कोण येणार, हे सूचना आणि काटणारा शब्द, म्हणजे त्याच घरातून आडवा किंवा उभा जाणारा दुसरा शब्द, ठरवतात.

नुसते नियम सांगून हे कळत नाही. त्यासाठी आपल्या बेळगाव भागाच्या पाण्यावर एक छोटे कोडे रचले आहे. चौकट सात बाय सातची आहे. आकडा असलेल्या घरापासून शब्द सुरू होतो, ■ म्हणजे काळे घर. सूचनेपुढच्या कंसात शब्दाच्या घरांची संख्या आहे.

१ □ २ □ ■ ३ ४
□ ■ □ ■ ■ ■ □
□ ■ ५ □ ६ □ □
□ ■ ■ ■ □ ■ ■
□ ■ ७ □ □ □ ८
■ ९ □ ■ ■ ■ □
१० □ ■ ११ □ □ □

आडवे शब्द
१. गोकाकात हिची उडी बघायला पावसाळ्यात गर्दी (४)
३. नदीने पात्र सोडले की येतो (२)
५. गरिबांच्या महाबळेश्वरी येण्याचे कारण (५)
७. बेळगावचे नळ याच्या जिवावर (५)
९. ६ उभा थांबला की पडते (२)
१०. पिळून निघतो तोही, गोष्टीत वाटतो तोही (२)
११. १ आडवी इथे अडवली (४)

उभे शब्द
१. आश्विन शुद्ध प्रतिपदेचा विधी (५)
२. ओघ (३)
४. मोट गेली, तिच्या मागोमाग विहिरीवरून हाही गेला (३)
६. वळवाचा, मृगाचा, हस्ताचा. पण तोच (३)
७. खानापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना (२)
८. नळ येण्याआधी पाणी वाहणारी कातडी पिशवी (३)
९. चिकोडी-अथणीच्या शिवारातले पीक (२)

पुढे वाचण्याआधी एकदा स्वतः करून बघा. पेन्सिल घ्या, तीही मऊ. पावसाळ्यात आपल्याकडे पेपर दमट होऊनच दारात पडतो. त्यावर पेनाची शाई पसरते आणि टोकदार पेन्सिलीने कागद फाटतो.

आधी घरांचा हिशेब

शब्दकोडे मुळात इंग्रजीतले. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पेपरात आर्थर विन यांनी पहिले छापले, तेही हिऱ्याच्या आकाराचे. तिथे एका घरात एक सुटे अक्षर जाते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळे घेऊन एक पूर्ण अक्षर एका घरात बसते. कन्नड पेपरातल्या पदबंधालाही, म्हणजे त्यांच्या शब्दकोड्यालाही, हाच नियम आहे. त्यामुळे ज्या घरात दोन्ही भाषांचे पेपर येतात, तिथे हा भाग कोणाला शिकवावा लागत नाही.

नवख्याची गडबड तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण जोडाक्षराचे: 'स्था'ला एकच घर, 'प्र'लाही एकच. दुसरे रफाराचे. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून तो त्याच्याच घरात जातो. 'मार्कंडेय' मोजायची ती मा, र्कं, डे, य अशी चार घरे. तिसरे अनुस्वाराचे: 'गंगा' म्हणजे गं आणि गा. टिंब वेगळे होत नाही, पण गाळूनही चालत नाही, कारण काटणाऱ्या शब्दातही त्या घरात टिंब असावेच लागते.

याचा फायदा मोठा आहे. काटणाऱ्या शब्दाने एक घर भरले, की मात्रेसकट अख्खे अक्षर हाती लागते. 'पा'ने सुरू होणारे तीन अक्षरी शब्द आठवा, आणि मग नुसत्या 'प'ने सुरू होणारे आठवा. दोन याद्या पूर्ण वेगळ्या होतात. तोटा असा, की ऱ्हस्व-दीर्घात चुकलात तर काटणारा शब्द बसतच नाही. या कोड्यात पूर, पाऊस, ऊन, ऊस असे चार शब्द आहेत आणि चौघांनाही एकच नियम लागतो: शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. सामान्यरूपात मात्र तो ऱ्हस्व होतो किंवा बदलून जातो. पुरात, पावसात, उन्हात, उसाला. सूचनेत 'पुराने' असे लिहिलेले असले, तरी उत्तर 'पूर'च.

गाळलेल्या जागेची सूचना तेवढी वेगळी. 'पालथ्या ___वर पाणी (२)' असे आले तर तिथे 'घडा' चालत नाही, 'घड्या' लागतो. म्हण जशी बोलतो, तसेच रूप भरायचे.

विषयाची यादी समासात

विषय वाचला की लगेच चौकटीला हात घालू नका. पेपराच्या समासात दोन मिनिटे यादी करा, आणि ती घरांच्या संख्येने. आपल्या पाण्याची यादी साधारण अशी होईल. दोन घरे: कृष्णा, पूर, पाट, लाट, घाट, ओढा. तीन घरे: म्हादई, पाऊस, रहाट, पखाल, प्रवाह. चार घरे: घटप्रभा, मलप्रभा, दूधगंगा, वेदगंगा, मार्कंडेय या नद्या आणि हिडकल हे धरण. पाच घरे: राकसकोप हा जलाशय.

या यादीकडे जरा टक लावून बघा, सापळा तिथेच आहे. घटप्रभा आणि मलप्रभा दोन्ही चार घरांच्या, आणि दोघींची शेवटची दोन अक्षरे सारखी. दूधगंगा-वेदगंगेचेही तसेच. 'प्र' मिळाला, 'भा' मिळाला म्हणून नदी सापडली असे होत नाही, पहिल्या दोन घरांपैकी एक तरी हाताशी हवे. कोडे रचणाऱ्याला हे पक्के माहीत असते. तो अशा जोड्या मुद्दाम वापरतो.

कुठून सुरुवात करायची

१ आडव्यापासून नको. सगळ्या सूचना एकदा वरून खाली वाचून काढा आणि जिचे उत्तर एकच असू शकते, ती उचला. विषयाशी तिचा संबंध नसला तर आणखी चांगले, कारण तिथे मन आधीच कुठे धावलेले नसते.

इथे अशी सूचना १ उभ्याची आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी होते ती घटस्थापना. घ, ट, स्था, प, ना, घरे बरोबर पाच. पक्के.

यातून १ आडव्याचे पहिले घर 'घ' झाले आणि मलप्रभा तिथल्या तिथे बाद झाली. पण नुसत्या 'घ'वर थांबू नका, सूचनेशी ताडून घ्या. गोकाकचा धबधबा घटप्रभेचा. घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून ती ५२ मीटर खाली उडी घेते. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीकडे जाते, गोकाकशी तिचा संबंध नाही. सूचनेतले 'हिची' बघा. मराठीत लिंग फुकटात सांगितलेले असते: हा, ही, हे, पडते, येतो. ती खूण वाया घालवू नये. निम्मे उमेदवार तिथेच गळतात.

आमच्याकडे वाचनालयाच्या टेबलावर हा संवाद ठरलेला:

"मलप्रभा लिहून सोडलो की वो, काका."

"गोकाकात कुठली मलप्रभा गा? खोड आधी. १ उभा बघितलास काय?"

घटप्रभेचा 'प्र' २ उभ्याच्या डोक्यावर येतो. 'ओघ' एवढीच सूचना, तीन घरे, प्रवाह. अशा एकशब्दी सूचनेवर काटणारे अक्षर नसताना डोके घालवण्यात अर्थ नाही. 'प्र' मिळाल्यावर ती आपोआप सुटते.

प्रवाहाचा 'ह' ५ आडव्याचे पहिले घर होतो. इथे विषय फसवतो. पाणी, पाऊस डोक्यात असताना 'ह' दिसला की हात 'हवामान'कडे जातो. ती चार घरे, इथे पाच. शिवाय सूचनेत 'येण्याचे कारण' आहे. गरिबांचे महाबळेश्वर म्हणजे आपले बेळगाव, थंड हवेसाठी मिरवणारे. आजारातून उठलेला माणूस इथे यायचा तो हवापालट करायला. ह, वा, पा, ल, ट. हा शब्द पाण्याचा नाही, आणि असे दोन-चार शब्द प्रत्येक विषयाच्या कोड्यात असतातच. चौकट जुळवताना रचणाऱ्याला ते घ्यावे लागतात. प्रत्येक उत्तर विषयातच कोंबायला जाऊ नका.

हवापालटाने दोन दारे उघडली. मधल्या 'पा'वरून ६ उभा पाऊस. वळवाचा, मृगाचा, हस्ताचा, तिन्ही पावसाचेच. शेवटचा 'ट' ४ उभ्याच्या तळाला बसतो: ? ? ट. मोटेबरोबर विहिरीवरून गेलेला, 'हा' म्हणजे पुल्लिंगी. रहाट. कोणी 'राहाट' लिहितात, त्यांनी ३ आडवा बघावा. नदीने पात्र सोडले की येतो तो पूर. पू, र. 'पूरा' होऊ शकत नाही, म्हणून पहिले घर 'र'च. शब्द कसा लिहायचा याचा वाद काटणाऱ्या शब्दानेच मिटवावा. शब्दकोश त्यानंतर उघडला तरी चालतो.

वरचा भाग झाला. खालच्या भागात उतरायला पाऊस हाच एक रस्ता आहे, त्याचा 'स' ७ आडव्याच्या मधोमध येतो. बेळगावचे नळ कोणाच्या जिवावर? शहराला पाणी राकसकोपचेही येते आणि हिडकलचेही. ज्याच्या गल्लीत जिथले पाणी, तो तिथले नाव छातीठोक सांगणार. पण घरे पाच आहेत आणि तिसरे 'स' आहे, म्हणून राकसकोप. हिडकल बाजूला ठेवा, लागेल.

पुढचा कोपरा या कोड्यात मला सगळ्यात आवडतो, कारण तिथली कुठलीच सूचना एकट्याने सुटत नाही. ७ उभा: रा, ?. खानापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान आहे, पण 'राई'ही बसते. ९ आडवा: पाऊस थांबला की पडते ते काय? ऊन पडते, दवही पडते, धुकेही पडते. तिन्ही शब्द दोन घरांचे, तिन्ही नपुंसकलिंगी, आणि पाण्याच्या विषयात दव आणि धुके जास्तच शोभतात. आता दोन्ही एकदम बघा. ७ उभ्याचे दुसरे घर हेच ९ आडव्याचेही दुसरे घर. तिथे ई, न, व, के यांपैकी एकच येणार. 'राव' किंवा 'राके' रस्त्याच्या कडेला नसतात. 'ई'ने संपणारे, पावसानंतर पडणारे नपुंसकलिंगी काही सुचत नाही. उरला 'न'. रान आणि ऊन. अशा वेळी एकेक सूचना धरून झगडण्यापेक्षा दोन्हीचे उमेदवार घराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहावेत आणि कोणती जोडी जुळते ते बघावे.

'ऊ' मिळाल्यावर चिकोडी-अथणीचे पीक म्हणजे ऊस, हे सांगायला नको. १० आडवा दुहेरी अर्थाचा. पिळून निघतो तो रस आणि गोष्टीत वाटतो तोही रस. सूचनेत 'तोही... तोही' दिसले की एकाच शब्दाचे दोन अर्थ शोधायचे.

राकसकोपच्या 'प'वरून ८ उभा पखाल. मऊ कातड्याची ती पिशवी पन्नाशीच्या खालच्या कोणी बघितली असेल असे वाटत नाही, पण कोडी रचणाऱ्यांचा तिच्यावर भारी जीव आहे. तीन घरे आणि शेवटी 'ल', बसवायला सोपी. त्याच 'ल'वर ११ आडवा संपतो. '१ आडवी इथे अडवली' यात आडवी-अडवली असा शब्दांचा खेळ आहे, मागणी मात्र सरळ आहे: घटप्रभेवरचे धरण. हुक्केरी तालुक्यातले हिडकल. कोणी वर मलप्रभा ठेवूनच इथवर आला असता, तर तो मलप्रभेवरचे नविलुतीर्थ धरण शोधत बसला असता. न, वि, लु, ती, र्थ, पाच घरे, चौकटीत बसतच नाही. एका सूचनेत दुसरीचा आकडा आला की ती अशी तपासणीलाही उपयोगी पडते.

पूर्ण चौकट:

घ ट प्र भा ■ पू र
ट ■ वा ■ ■ ■ हा
स्था ■ ह वा पा ल ट
प ■ ■ ■ ऊ ■ ■
ना ■ रा क स को प
■ ऊ न ■ ■ ■ खा
र स ■ हि ड क ल

पांढरी घरे ३२, त्यांतली दोन शब्दांनी काटलेली १३. बाकीच्या १९ घरांची जबाबदारी एकट्या सूचनेवर आहे. मराठी कोड्यांत काटणारी घरे कमीच असतात. अनेकदा अर्ध्याहून जास्त घरांना दुसऱ्या शब्दाचा आधार नसतो. म्हणून 'चार अक्षरे जुळली, झाले' असे म्हणून पुढे जाऊ नये.

गावांची दोन रूपे

सीमाभागात ही अडचण खास आपली. एसटीच्या पाटीवर एक नाव, कर्नाटकच्या सरकारी बसच्या पाटीवर दुसरे. कोड्यात गाव आले की कोणते रूप धरायचे? मराठी पेपरातल्या कोड्यात मराठी लिखाणातले रूप धरा, पण घरे मोजून बघा. काही ठिकाणी फरक पडत नाही असे वाटते आणि तिथेच फसायला होते. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी, सगळी तीन घरांची, फरक मधल्या एका अक्षराचा. बेळगाव आणि १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे सरकारी बेळगावी, दोन्ही चार घरांची. व की वी, हे काटणारा शब्द सांगेल. सौंदत्ती मात्र तीन घरांची आणि सवदत्ती चारची, तिथे संख्याच निकाल देते. राकसकोपला कन्नडमध्ये रक्कसकोप्प म्हणतात. तीही पाचच घरे, पण पहिले 'र' आणि शेवटचे 'प्प'. तसे भरले तर रान आणि पखाल दोन्ही कोसळतात.

शेजारच्या कन्नड अण्णांना विचारायला लाजू नका. नद्या, तळी, खेडी यांची नावे त्यांना आपल्यापेक्षा मुळातून माहीत असतात. आपले काम त्यांनी सांगितलेले नाव मराठीत कसे लिहितात, ते बघणे.

समजावून सांगताना

उत्तर सांगणे वेगळे, समजावणे वेगळे. '१ आडवा: घटप्रभा, एक नदी' हे उत्तर झाले. विचारणाऱ्याला नदी आहे हे कळलेलेच असते, ही नदी का आणि ती का नाही, हे त्याला हवे असते. तेव्हा चांगल्या खुलाशात तीन गोष्टी याव्यात. सूचनेतला कोणता शब्द अर्थ सांगतो, दुसरा उमेदवार कोण होता आणि तो कुठे पडला. नमुना असा:

'१ आडवा, घटप्रभा. गोकाकात उडी म्हणजे गोकाकचा धबधबा. "हिची"वरून नदी. मलप्रभाही चार घरांची, पण ती गोकाकला जात नाही आणि १ उभ्याचा "घ" तिला चालत नाही.'

चार वाक्यांत काम झाले. प्रत्येक शब्दाला एवढे लिहू नका. ओघ म्हणजे प्रवाह, याला खुलासा कशाला? ज्या तीन-चार सूचनांवर लोक अडतात, तिथेच थांबा. या कोड्यात त्या १, ५ आणि ९ आडवा, आणि पखाल. पखालीचा अर्थ सांगावा लागतो, कारण तरुण मुलांनी ती वस्तूच बघितलेली नाही. 'कातडी पिशवी' वाचून त्यांना चामड्याची पर्स आठवते.

सोडवत असलेल्याला सांगायचे असेल तर उत्तर शेवटी. आधी त्याला सूचना मोठ्याने वाचायला लावा, निम्म्या वेळा वाचतानाच सुटते. नाही सुटली तर लिंग विचारा: हा, ही की हे? मग काटणाऱ्या शब्दाकडे बोट दाखवा. तरीही अडला तर एक अक्षर द्या, पण पहिले देऊ नका. पहिल्या अक्षराने कोडे संपते, मधल्याने तो स्वतः पोहोचतो. राकसकोपसाठी 'को' द्या आणि गंमत बघा.

दुसऱ्या दिवशी छापून आलेले उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे निघाले, तर आधी घरांची संख्या बघा, मग काटणारे शब्द. दोन्ही जुळत असतील, म्हणजे ते घर कोणी काटलेलेच नसेल, तर सूचना पुन्हा वाचा आणि तुमचा शब्द तिच्या प्रत्येक शब्दाला पुरतो का ते बघा. पुरत असेल तर तुमचेही उत्तर बरोबर. दोष रचणाऱ्याचा, त्याने दोन शब्द बसतील अशी सूचना द्यायला नको होती. एखादे सूचनेतले 'हिची' किंवा 'पडते' तुमच्या शब्दाला लागत नसेल, तर मात्र वाद न घालता खोडरबर घ्यावा.